उलटून उठणारी बोट

मागवला होता एक नकाशा, टपालानं आला दुसराच. १९६० नंतरची दोन-तीन वर्षं. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवरचा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण अधिकारी मुंबईत होता. स्वतःची शिडाची बोट बांधायची आणि तीत बसून विलायतेला जायचं, हे त्यानं दोन साथीदारांबरोबर ठरवलं होतं. बोटीचे आराखडे त्यानं इंग्लंडहून मागवले. पार्सल उघडलं तर आत भलत्याच बोटीचे कागद. विल्यम ॲटकिन या अमेरिकन आरेखकानं १९२० च्या दशकात काढलेली ती ‘एरिक’ नावाची बोट होती. जुन्या घाटणीची, बुटकी, पोटानं जाड, पुढून आणि मागून दोन्हीकडे निमुळती. परत पत्र लिहून नवे कागद येईपर्यंत महिने गेले असते. मग आलेलीच बोट बांधायची असं ठरलं.

समुद्राच्या इतिहासातला हा फार मोठा योगायोग आहे असं मला वाटतं. त्या कागदांवरच्या रेषांनी पुढच्या साठ वर्षांत कायकाय पाहिलं, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

मी समुद्रकाठचा माणूस नाही. आमचं बपेरा भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात, अगदी हद्दीवर. बावनथडीचा पूल ओलांडला की मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा लागतो. इथून समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो कोसांवर. पण बोट पाण्यावर का टिकते, याचा पहिला धडा मला इथेच मिळाला. लहानपणी ढिवरांच्या डोंग्यात चढलो आणि पलीकडचा काठ दिसावा म्हणून उभा राहिलो. डोंगा एका अंगाला असा झुकला की काठावरून पाणी आत आलं. मागे बांबू रोवणारा म्हातारा ओरडला नाही. एवढंच म्हणाला, “खाली बस गा पोरा, बूड टेकव.” मी तळाला बसलो आणि डोंगा लगेच शांत झाला. वजन खाली गेलं की नाव सावरते. पुढे बोटींविषयी जे काही वाचलं, ते या एका वाक्याच्या आधारानंच मला समजत गेलं.

तर मुंबई. कुलाब्याच्या कारखान्यात ही बोट उभी राहू लागली. लाकूड सागाचं. हत्यारं जुनी: वाकस, पटाशी, हातकरवत, आणि दोरीच्या कामठीनं फिरवायचा सामता. आज विजेच्या यंत्रानं क्षणात पडणारं भोक तेव्हा एक माणूस कामठी मागेपुढे ओढून पाडत असे. सागासारख्या चिवट लाकडात, जाड फळ्यांच्या आरपार, बोल्टामागून बोल्ट. या कारागिरांना वाकसानं फळी तासताना ज्यांनी पाहिलं, त्यांनी नवलानं लिहून ठेवलं आहे: एवढं ओबडधोबड दिसणारं हत्यार, आणि त्यातून निघणारा पृष्ठभाग रंधा मारल्यासारखा. मुंबईला हे काम नवं नव्हतंच. वाडिया घराण्यानं मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली, आणि ती आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात तरंगते आहे. दीडशे वर्षांनी त्याच शहरात त्याच लाकडावर काम चाललं होतं.

१९ डिसेंबर १९६४ रोजी नारळ फोडून बोट पाण्यात सोडली. नाव ठेवलं ‘सुहैली’. इराणच्या आखातातल्या आग्नेयेकडच्या वाऱ्याला अरब खलाशी हेच नाव देतात. लांबी साधारण ३२ फूट, रुंदी ११ फूट, पाण्याखाली साडेपाच फूट खोल, वजन दहा टनांच्या आसपास. दोन डोलकाठ्या. वेगात कुणाच्या नजरेत भरावी अशी ही बोट नव्हती.

तिचा आकार कुठून आला, ते जरा थांबून पाहायला हवं. नॉर्वेच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात मासेमारीच्या होड्या वादळात सापडून माणसं मरत. त्यांना सोडवायला जाणाऱ्या बोटी कॉलिन आर्चर या आरेखकानं काढल्या. पहिली १८९३ ची. नॅन्सेनचं ध्रुवाकडे गेलेलं ‘फ्राम’ हे जहाजही त्याचंच. या सुटका-बोटींना हवामान निवडायची मुभा नव्हती. बाकी सगळे काठाला लागायच्या धडपडीत असताना यांनी बाहेर पडायचं होतं. म्हणून आर्चरनं वेग बाजूला ठेवला आणि तीन गोष्टी धरल्या. बोटीचा मागचा भागही नाळेसारखा निमुळता, म्हणजे मागून येणारी लाट त्यावर आदळत नाही, दुभंगून जाते. तळाचा कणा, ज्याला आपल्या कोकणात पठाण म्हणतात, तो पुढपासून मागपर्यंत सलग, आणि सुकाणू त्याच्याच टोकाला टेकलेलं. आणि वजन भरपूर, तेही तळाशी. ॲटकिननं याच बोटी आकारानं लहान करून ‘एरिक’ काढली, आणि तिचे कागद चुकून मुंबईला पोचले.

बोट उलटून परत सुलटी कशी होते? घरातली परात पाण्यावर पालथी टाका. ती पालथीच राहील, कारण रुंद आणि हलकी आहे. तिला सुलट-पालथ दोन्ही सारखंच. आता बाटलीच्या तळाशी वाळू भरून बूच लावा आणि पाण्यात आडवी सोडा. ती उभी राहते, कितीही वेळा आडवी केली तरी. अरुंद अंग, तळाशी शिसं किंवा लोखंड आणि वरून पाणी आत न शिरणारं झाकण, एवढं असलं की बोट त्या बाटलीसारखी वागते. सलग पठाणाचा आणखी एक गुण आहे. अशी बोट नाकासमोर चालते. एकट्या माणसाला झोपावं लागतं, भाकर-तुकडा करावा लागतो. तेवढा वेळ सुकाणू कुणी धरलं नाही तरी ती वाट सोडत नाही. त्याची किंमतही आहे: बंदरात वळवायला ती जड, मंद वाऱ्यात आळशी.

१९६८ साली लंडनच्या ‘संडे टाइम्स’नं शर्यत जाहीर केली. एकट्यानं, कुठेही न थांबता, शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा. तोवर हे कुणी केलेलं नव्हतं. नऊ जण निघाले. नॉक्स-जॉन्स्टनजवळ नवी बोट घ्यायला पैसे नव्हते, म्हणून तो १४ जूनला फॅलमथहून ‘सुहैली’ घेऊनच निघाला. त्याच्या आसपास निघालेल्या दोघांच्या, जॉन रिजवे आणि चे ब्लाइथ यांच्या, बोटी मात्र नव्या काळाच्या होत्या. तीस फुटी, दोन-दोन आखूड कण्यांच्या, फायबरग्लासच्या.

फायबरग्लास म्हणजे आपल्या दुकानांत नुसतं ‘फायबर’ म्हणून जे मागतात, तेच. विदर्भात कूलरचा सांगाडा, पाण्याची टाकी, न्हाणीघराचं दार यांतून ते घराघरांत पोचलं आहे. बोट करायची तर आधी तिच्या आकाराचा उलटा साचा लागतो. साच्याला आतून मेण लावतात, त्यावर रंगीत जेलकोटचा थर, मग काचेच्या धाग्यांची चटई अंथरून तिच्यावर पातळ राळ ओततात आणि रोळीनं दाबत जातात. चटई आधी पांढरीशुभ्र असते. राळ भिनली की ती काचेसारखी पारदर्शक होते, आणि जिथे पांढरा ठिपका उरतो तिथे हवा अडकलेली असते. तो ठिपका तिथल्या तिथे दाबून काढला नाही तर जन्मभराचा दोष राहतो. राळेचा उग्र वास डोक्यात चढतो. थरावर थर चढतात, मग सगळं तापून कडक होतं. सांधा नाही, खिळा नाही, कुजणं नाही, वाळवी नाही. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत अशा बोटी धडाक्यानं निघू लागल्या. ज्या वस्तूला सुतारांचे हात वर्ष-दोन वर्षं लागत, ती काही आठवड्यांत साच्याबाहेर.

सुरुवातीच्या कारखानदारांचा या नव्या पदार्थावर पुरता विश्वास नव्हता. किती जाड थर पुरेल याचा अंदाज नसल्यानं त्यांनी हात सैल सोडला आणि जाडच जाड भिंती केल्या. त्यांच्या त्या काळजीचा फायदा आज पन्नास-साठ वर्षांनी त्या बोटी वापरणाऱ्यांना होतो आहे.

पण १९६८ ला फायबर हरलं. रिजवे ब्राझीलपर्यंत गेला आणि थांबला. ब्लाइथला दक्षिण आफ्रिकेत शर्यत सोडावी लागली. या फजितीचं खापर बरेच जण त्या पदार्थावर फोडतात, ते मला पटत नाही. त्या बोटी सुटीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन खाडीत फिरण्यासाठी काढलेल्या होत्या. ओहोटीला दोन पायांवर उभ्या राहाव्यात म्हणून त्यांना दोन आखूड कणे. दक्षिण महासागराच्या लाटांशी त्यांचा काही संबंधच नव्हता. चूक आकाराची होती.

‘सुहैली’लाही त्रास कमी झाला नाही. अटलांटिकमध्येच तळाच्या फळ्यांच्या सांध्यातून पाणी येऊ लागलं. नॉक्स-जॉन्स्टन श्वास रोखून बोटीखाली उतरला. सांध्यात कापूस ठासायचा, वर श्वास घ्यायला यायचं, पुन्हा खाली जायचं. ठासलेला कापूस बाहेर पडू लागला तेव्हा त्यानं तो कॅनव्हासच्या पट्टीला आधीच टाचून घेतला, वर डांबर लावलं आणि ती पट्टी पाण्याखाली खिळ्यांनी ठोकली. मध्येच शार्क घिरट्या घालू लागला, तेव्हा वर येऊन त्याला गोळी घालावी लागली. बावनथडीच्या काठावर उन्हाळ्यात डोंगा पालथा घालून फटींत चिंध्या आणि डांबर भरणारी माणसं मी पाहिली आहेत. हे तेच काम, फक्त खाली कित्येक हजार फूट पाणी. पुढे दक्षिण महासागरात लाटेनं बोट आडवी पाडली, वरची केबिन जागेवरून हलली. मग आपोआप दिशा धरणारं यंत्र मोडलं. बिनतारी संदेश बंद पडला, महिनोन् महिने त्याचा ठाव जगाला नव्हता. २२ एप्रिल १९६९ रोजी ३१२ दिवसांनी ‘सुहैली’ फॅलमथला परतली. नवांपैकी शर्यत पुरी करणारी ती एकटीच. शर्यतीच्या नोंदीत बोटीचं आणि नावाड्याचं नाव लिहितात. कामठी ओढणाऱ्यांचं लिहीत नाहीत. त्या विजयात कुलाब्याच्या कारागिरांचा वाटा निम्मा आहे असं मी मानतो.

यानंतर एक सुंदर गोष्ट घडली. अमेरिकेत त्याच ‘एरिक’च्या रेषा घेऊन विल्यम क्रीलॉक या आरेखकानं त्या फायबरच्या साच्यासाठी बसवल्या, आणि १९७१ पासून कॅलिफोर्नियात ‘वेस्टसेल ३२’ तयार होऊ लागली. आठशेवर बोटी निघाल्या. म्हणजे मुंबईच्या सागवानी बोटीच्या या सख्ख्या चुलतबहिणी, काचेच्या धाग्यांतून जन्मलेल्या. जड, मंद, पण जाईल तिथून परत येणाऱ्या. १९९१ च्या ऑक्टोबरअखेर उत्तर अटलांटिकमध्ये जे भीषण वादळ झालं, ज्यावर पुढे पुस्तक आणि सिनेमाही निघाला, त्यात ‘सटोरी’ नावाची वेस्टसेल सापडली. तटरक्षक दलानं हेलिकॉप्टरनं माणसं उचलली आणि बोट समुद्रात सोडून दिली. काही दिवसांनी ती मेरीलँडच्या वाळूवर आपसूक येऊन लागलेली सापडली. किरकोळ खरचटण्यापलीकडे तिला काही झालेलं नव्हतं.

त्याआधी, १९७९ च्या ऑगस्टमध्ये, इंग्लंडजवळच्या फास्टनेट शर्यतीत वादळानं १५ स्पर्धकांचे प्राण घेतले. २४ बोटी माणसांनी सोडल्या. त्यांतल्या फक्त ५ बुडाल्या, बाकीच्या नंतर तरंगताना मिळाल्या. त्या दुर्घटनेच्या चौकशीतून बोटींच्या आकाराकडे नव्यानं पाहिलं गेलं. शर्यतीचे नियम साधण्यासाठी बोटी रुंद आणि हलक्या होत चालल्या होत्या, म्हणजे परातीच्या दिशेनं. आणि अशा बोटी पालथ्या पडल्यावर पालथ्याच राहू शकतात हे तिथे जिवावर बेतून कळलं. बोट किती जोरात धावते यासोबतच, किती कोनापर्यंत कलंडली तरी ती परत येते, हे मोजायची रीत तेव्हापासून पक्की झाली.

आपल्याकडे हा धागा फलटणजवळच्या विंचुर्णीतून पुन्हा उचलला गेला. १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळवलेले व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर तिथे राहत. भारतीयानं एकट्यानं शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, आणि बोट इथेच बांधलेली असावी, हा त्यांचा ध्यास. नौदलातले कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. ते आधी इंग्लंडला नॉक्स-जॉन्स्टनच्या हाताखाली शिकायला गेले. मुंबईत बोट बांधून गेलेल्या माणसाकडून त्याच मुंबईला विद्या परत मिळाली. बोट बांधायचं काम गोव्यात दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकर यांनी अंगावर घेतलं. त्यांचा कारखाना फायबरच्या बोटींचा. महासागरी शिडाची बोट त्यांनी तोवर कधी केलेली नव्हती. आराखडा हॉलंडच्या व्हान द स्टाट यांचा, ५६ फुटी. देवदारासारख्या सीडर लाकडाच्या पट्ट्या, आणि त्यांच्या आतून-बाहेरून काचेचा कपडा व इपॉक्सीची राळ. लाकडाचा हलकेपणा आणि फायबरचा सांधाहीन घट्टपणा एकत्र. गोव्याच्या नदीवरून नाव पडलं ‘म्हादई’, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली. दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले, चार बंदरं घेत मे २०१० मध्ये परत आले. एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पाठोपाठ नौदलातलेच अभिलाष टॉमी याच बोटीतून १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईहून निघाले आणि न थांबता, १५१ दिवसांनी, ३१ मार्च २०१३ ला मुंबईलाच परतले.

२०१८ ला त्या जुन्या शर्यतीची पन्नाशी होती, आणि तशीच शर्यत पुन्हा ठरली. नियम मोठा विचार करून केलेले: बोट ३२ ते ३६ फूट, आराखडा १९८८ पूर्वीचा, कणा सलग, सुकाणू त्याला जोडलेलं. उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र नाही. सेक्स्टंटनं सूर्य-तारे मोजायचे. म्हणजे मैदान जुन्या फायबर बोटींचंच झालं. अभिलाष मात्र दांडेकरांनी दिवाडीत बांधलेल्या ‘थुरिया’तून उतरले. ती ‘सुहैली’ची प्रतिकृती होती. चुकून आलेले ते कागद असे अर्ध्या शतकानं दुसऱ्यांदा भारतात बोट होऊन उभे राहिले.

२१ सप्टेंबर २०१८. ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून सुमारे १९०० सागरी मैलांवर वादळानं ‘थुरिया’ फिरवली. डोलकाठ्या तुटल्या, अभिलाष उंचावरून कोसळले आणि पाठीचा कणा मोडला. ते केबिनमध्ये पडून राहिले, उठता येत नव्हतं. इथे बोटीकडे नीट पाहा. काठ्या गेल्या, दोरखंडाचं जाळं अंगावर, नावाडी जायबंदी, सुकाणू कुणी धरलेलं नाही, लाटा तशाच. तरी ती सुलटी झाली आणि सुलटीच राहिली. पाणी भरून बुडाली नाही. नौदलाच्या विमानानं तिला वरून हेरलं, आणि २४ तारखेला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाच्या माणसांनी त्यांना तिच्यातून जिवंत बाहेर काढलं. शर्यतीच्या निकालात ही बोट हरलेली आहे. माझ्या लेखी तिनं बोटीचं पहिलं काम पूर्ण केलं होतं.

ती शर्यत ७३ वर्षांच्या जाँ-ल्यूक व्हान देन हीदनं जिंकली, ‘रस्लर ३६’ नावाच्या फायबर बोटीतून. दुसरा आला तोही रस्लर ३६ मधूनच. हॉलमन अँड पाय या इंग्रज आरेखकांची १९८० च्या सुमाराची ही बोट. सलग कणा, आत शिसं, साडेसात टनांवर वजन, अंगानं अरुंद. फेरफटक्यासाठीच काढलेली, पण समुद्राला ओळखून काढलेली. हीदची बोटही प्रशांत महासागरात एकदा उलटली होती. काठीचा आधार सैल झाला, तरी दुरुस्त करत ती २११ दिवसांत घरी आली.

अभिलाषच्या पाठीत टायटॅनियमच्या सळ्या बसल्या. चालायला ते नव्यानं शिकले. ४ सप्टेंबर २०२२ ला पुढची शर्यत फ्रान्समधल्या ले साब्ल-दोलोनहून सुटली, तेव्हा ते ‘बायानात’ या रस्लर ३६ मध्ये सुकाणूपाशी होते. निघण्यापूर्वीच एका मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन बोटीचं पुढचं तोंड दुखावलं होतं. पुढे वाऱ्यावर दिशा धरणारं यंत्र मोडत राहिलं, आणि ते बोटीतलंच सामान कापून त्याचे भाग करत राहिले. दक्षिण महासागर पुन्हा तोच, लाटा त्याच. सोळा जण निघाले, बहुतेक वाटेत गळाले. एक बोट तर काही मिनिटांत बुडाली; तिचा नावाडी तराफ्यावर होता, त्याला कर्स्टन नॉयशेफर या दक्षिण आफ्रिकेच्या बाईनं वाट वाकडी करून शोधून काढलं. २७ एप्रिल २०२३ ला ती पहिली आली, केप जॉर्ज ३६ या फायबर बोटीतून. त्या बोटीच्या रेषांचं मूळही ॲटकिनपाशीच जातं. दोन दिवसांनी, २३६ दिवसांनंतर, अभिलाष दुसरे आले.

‘सुहैली’ मधली काही वर्षं ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवली होती. तिथल्या कोरड्या, उबदार हवेत साग सुकू लागला आणि फळ्या आकसून सांधे उघडू लागले. नॉक्स-जॉन्स्टननं तिला २००२ साली तिथून बाहेर काढलं. गंजलेले लोखंडी बोल्ट उपसून तो त्यांच्या जागी ब्राँझचे बसवत गेला, बरंचसं स्वतःच्या हातानं, वर्षानुवर्षं. १४ जून २०१८ ला, निघाल्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, फॅलमथच्या खाडीत ‘सुहैली’ शिडं लावून निघाली. नव्या शर्यतीच्या बोटी तिच्याबरोबर होत्या. त्यांत दिवाडीहून आलेली ‘थुरिया’ होती, कुलाब्याच्या त्या बोटीच्याच आकाराची.